पिंजरे नऊ ते सोळा

१४ जानेवारी १९५६, शनिवार

संक्रांत. नवी वही आजपासून. उंदरांचं काय ते प्रयोगशाळेच्या रजिस्टरात, माझं इथे. आमच्या सरांना, म्हणजे डॉ. श्यामकांत मानकरांना, दोन्हींची भेसळ खपत नाही.

सोमवारी प्रयोग सुरू. आईला आज स्वयंपाकघरात समजावून सांगितला, तर ती म्हणाली, "नलू, तिळाचा पाक बिघडेल, थोडक्यात सांग." थोडक्यात असं: उंदराच्या आतड्याचं अस्तर सारखं झिजतं आणि चार-पाच दिवसांत नवं होतं. अस्तराच्या तळाशी बारीक खळगे असतात, त्यांत काही पेशी बसलेल्या असतात, आणि बाकीचं सगळं अस्तर त्यांच्याच पोटचं. सर त्यांना मूळ पेशी म्हणतात. मी आई म्हणते. आता ही आई दिवसरात्र राबते, तर ती खाते काय? सगळे म्हणतात साखर. मी म्हणते चरबी!

कसं सिद्ध करणार? सोपं आहे. सोळा उंदरांना क्ष-किरण द्यायचे, म्हणजे अस्तर खराब होईल आणि आईला कामाला लागावंच लागेल. पिंजरे एक ते आठ यांना रोजचं खाणं. नऊ ते सोळा यांना दोन दिवस कडकडीत उपास, नुसतं पाणी. उपाशी शरीरातली साखर दिवसात संपते, मग ते अंगची चरबी जाळतं. आई साखरेवर चालत असेल तर बसून राहील. चरबीवर चालत असेल तर उठून कामाला लागेल. बुधवारी कापून, सूक्ष्मदर्शकाखाली दुभंगणाऱ्या पेशी मोजायच्या. झालं.

२५ फेब्रुवारीला समिती येतेय. दोन वर्षांची संशोधनाची जागा आहे, एकच. मिळाली तर परळची ही प्रयोगशाळा, नाही मिळाली तर अप्पांच्या मित्राच्या शाळेत जूनपासून सातवीला शास्त्र. अप्पा म्हणतात शाळाही वाईट नाही. वाईट नाहीच हो, पण मी जाणार नाही, कारण जागा मला मिळणार.

संध्याकाळी परळला जाऊन सगळी तयारी करून आले. एक ते आठच्या खाण्याच्या पुड्या वजन करून बांधल्या, पंधरा दिवसांच्या, पुढच्या फेरीलाही पुरतील अशा. रजिस्टरात नऊ ते सोळासमोर सोम, मंगळ, बुध असे तिन्ही रकाने 'उपास' लिहून आताच भरून टाकले. होणार ते ठरलेलंच आहे, तर रोज कोण टाक बुडवत बसणार!

उंदीरखान्याचे कुशाबा रजिस्टराला हात लावत नाहीत. ते चौथी शिकलेत, अक्षर माझ्यापेक्षा बरं असेल, पण मीच पहिल्या दिवशी सांगितलंय की ते माझं काम. त्यांना आईने दिलेला तिळगुळाचा मोठा डबा दिला, वर सुकं खोबरंही होतं. म्हटलं, "कुशाबा, तिळगूळ घ्या, गोड बोला." ते म्हणाले, "बाई, ह्यो तर अख्ख्या चाळीक पुरात." घरी घोडपदेवला नेणार होते, पण कामाची पाळी संपायची होती म्हणून डबा उंदीरखान्यातल्या फळीवर ठेवला.

१६ जानेवारी, सोमवार

सकाळी क्ष-किरण झाले. सोळाही शहाण्यासारखे बसले. दुपारपासून नऊ ते सोळाचा उपास.

संध्याकाळी रेडिओ. मुंबई आपली नाही, दिल्लीची! अप्पा ऐकता ऐकता उभे राहिले, आणि बसले नाहीत बराच वेळ. खाली ठाकुरद्वाराकडून घोषणा येत होत्या. आम्ही सगळ्या बायका गॅलरीत जाऊन ओरडलो, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. आईसुद्धा. आईचा आवाज इतका मोठा आहे हे मला आज कळलं.

१८ जानेवारी, बुधवार

गोळीबार चालू आहे. संचारबंदी. गिरगावातून मुंगी बाहेर पडत नाहीये. आज माझे उंदीर कापायचे होते. मी अप्पांना म्हटलं मी चालत जाते परळला. अप्पा कधी ओरडत नाहीत. आज ओरडले.

२० जानेवारी, शुक्रवार

अजून तेच. पलीकडच्या वाडीतला एक मुलगा गेला. दूध आणायला उतरला होता. त्याची आई रडत नाही, नुसती जिन्यावर बसते. मला तिच्याकडे बघवत नाही.

उंदरांचा विचार करते त्याची लाज वाटते, पण करते. उपास दोनचा चार दिवस झाला. मेले असतील. कुशाबाही तिथेच अडकलेत असं शेजारच्या कंपाउंडरकडून कळलं. लालबागला तर म्हणे फारच वाईट.

२३ जानेवारी, सोमवार

जिवंत! आठच्या आठ!

सकाळी पहिली ट्राम मिळाली ती घेतली. उंदीरखान्याचं दार ढकललं तर नऊ ते सोळा जाळीला नाकं लावून उभे. सहा दिवस अन्न नाही आणि अंगावर तकाकी! वजन केलं, जेमतेम उतरलेलं. उलट कुशाबाच निम्मे झाले होते. डोळे खोल, गालफडं बसलेली. सहा दिवस तिथेच होते बिचारे. उपाहारगृह बंद, बाहेर गोळ्या.

मी विचारलं, "नऊ ते सोळाला काही दिलं नाही ना?"

"पुड्यांतला कायच दिलंय नाय, बाई. मोजून बघा."

मोजल्या. बरोबर एक ते आठच्याच गेल्या होत्या. हा माणूस सोन्यासारखा आहे. "बाई, एक सांगूचा होता," असं काहीतरी म्हणत होते, पण मला सुरी-कातर काढायची घाई. म्हटलं उद्या सांगा, आधी घरी जा, तुमच्या मालनबाई वाट बघत असतील. गेले.

रजिस्टरात गुरुवार ते आज, पाच रकाने रिकामे होते. 'उपास' लिहून भरून टाकले. पिंजऱ्यांखाली दोन-चार तीळ पडले होते. संक्रांत काय फक्त माणसांचीच असते! कुशाबांच्या खिशातून सांडले असणार.

दुपारपर्यंत सोळाही कापले.

१ फेब्रुवारी, बुधवार

आज मी प्रयोगशाळेत शीळ घातली. सर दारात होते. रागावले नाहीत, कारण आकडे त्यांनीही पाहिले होते.

खाणाऱ्या उंदरांच्या दर खळग्यात दुभंगणाऱ्या पेशी चार. उपाशी उंदरांच्या सात! सहा दिवस उपाशी आई, आणि काम जवळजवळ दुप्पट. शिवाय चरबीला काळा करणारा रंग दिला, तर खळग्यांत काळे ठिपकेच ठिपके, चुलीमागच्या भिंतीसारखं. सर म्हणाले, "सहा दिवसांच्या उपाशी जनावरात इतकी चरबी आली कुठून?" मी म्हटलं, "अंगची, सर. पोटावरची उतरून आतड्यात आली." ते हं म्हणाले. सरांचं हं म्हणजे अजून पटलेलं नाही. पटेल.

तरी म्हणाले, पुन्हा करून बघ. ठीक आहे. पुन्हा करू, पुन्हा सातच येईल.

६ फेब्रुवारी, सोमवार

दुसरी फेरी सुरू. नवे सोळा. या वेळी उपास मुद्दाम सहा दिवस, दोन उंदीर मात्र दुसऱ्या दिवशीच कापणार, मूळ बेताप्रमाणे. कुशाबा म्हणाले, "ह्या वेळीपण उपाशीच?" म्हटलं, हो, त्यावरच तर सगळं आहे. ते म्हणाले, "चावी ठेवून जावा, मी पाणी बघतंय." मी म्हटलं नको, पाणी मीच देईन. उगाच त्यांना दिवसभर तिथे कशाला अडकवा, जानेवारीत पुरेसे अडकले. उंदीरखान्याची चावी पर्समध्ये घेऊन आले.

१२ फेब्रुवारी, रविवार

तीन मेले. उरलेले तीन पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, केस विस्कटलेले, नाक वर करत नाहीत. हे ते उंदीरच नाहीत.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

खरं लिहिते. मला काही कळत नाहीये.

दुसऱ्या दिवशी कापलेल्या दोघांत दर खळग्यात सहा. छान. सहाव्या दिवशी उरलेल्या तिघांत दोन. म्हणजे आई आधी उठली आणि मग बसली. जानेवारीत सहा दिवसांनी सात होत्या. तोच उपास, तेच पाणी, तीच जात. समितीला आठ दिवस उरले.

आज कुशाबांवर उगाच आवाज चढवला. म्हटलं पिंजरे नीट धुतले नसतील, रोग शिरला असेल. ते मान खाली घालून झाडू मारत राहिले. घरी येऊन मला जेवण गेलं नाही. त्यांचं काय चुकलं होतं? चावीसुद्धा माझ्याकडे होती.

१८ फेब्रुवारी, शनिवार, रथसप्तमी

आजचं सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.

आईचं संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी शेवटच्या दिवशी, रथसप्तमीला. मी कुशाबांच्या मालनबाईंना मुद्दाम बोलावलं होतं, कालचं मनात होतंच. त्या घोडपदेवहून आल्या, ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातात आमचा तिळगुळाचा डबा. आईच्या हातात देत म्हणाल्या, "ह्यो तुमचो डबो. रिकामो कसो देवचो, म्हणान खोबऱ्याची वडी घातलंय."

आईने विचारलं, तिळगूळ आवडला ना सगळ्यांना?

मालनबाई हसायला लागल्या. "आमच्या तोंडाक खय लागलो! तो सगळो उंदरांनी खाल्ल्यान. आमचे हे सा दिवस थयच. एक लाडू आपण खायत, आन बाकी तेंका कुस्करून घालीत. खोबऱ्याचे तुकडे करून करून. घराक इले तेव्हा उभे रवाक येय नाय. मी विचारलंय, तुमी काय खाल्लात? तर म्हणतत, आठ जण होते गे, वाटून खाल्लंव."

माझ्या हातात अत्तरदाणी होती. ती मी कुणाच्या तरी हातात दिली. कुणाच्या ते आठवत नाही.

"तुमच्या तिळगुळान तेंचे जीव वाचले, बाई," मालनबाई मला म्हणाल्या. खरंच आनंदाने म्हणाल्या. त्यांना वाटत होतं ही मला चांगली बातमी आहे.

सगळ्या बायका गेल्यावर मी मोरीत जाऊन रडले. मग तोंड धुतलं. मग भयंकर संताप आला. एक महिना मी शीळ घालत हिंडले, आणि ते उंदीर माझ्याच आईचा तिळगूळ चापून बसले होते! अगं मूर्ख बाई, पिंजऱ्याखाली तीळ होते. तीळ!

२० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी तावातावाने गेले. कुशाबा पिंजरे धूत होते. म्हटलं, "मला खोटं का सांगितलंत?"

ते उठले. हात पुसले. "खोटा नाय सांगलंय. पुड्यांतला दिलंय नाय म्हटलंय. तां खरा. तुमी वजन करतास, तेका हात कसो लावू? आपल्यातला दिलंय. तां सांगूक गेलंय, तुमी म्हणालात उद्या."

हो, म्हणालेच होते. या वहीत लिहूनही ठेवलंय.

"पण का दिलंत? मी कापणारच होते त्यांना, दोन दिवसांनी."

"तां तुमचा काम. कापा. पण उपाशी मारू नये." मग म्हणाले, "भायर माणसां मरत होती, बाई. रातदिस आवाज. मालन खय आसा, जिती आसा काय नाय, कायेक कळना. आत तरी कोण मराक नको, असां वाटलां."

मी बाहेर येऊन रजिस्टर उघडलं, कुणाला तरी दोष द्यायचाच होता. आठ 'उपास'. आठही माझ्या अक्षरात. तीन उपास सुरू होण्याआधी लिहिलेले, पाच काही न बघता मागाहून. कुशाबांनी एक अक्षर लिहिलेलं नाही. खोटं रजिस्टर माझं आहे.

सरांना सगळं सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "जानेवारी वगळून टाक. संचारबंदीत प्रयोग बिघडला, कुणी विचारणार नाही. दुसऱ्या दिवसाचे दोन उंदीर आहेत, त्यांच्यावर बोल." दोन उंदरांवर दोन वर्षांची जागा! सरांनाही माहीत आहे की ती मिळणार नाही.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

ट्राममध्ये भायखळ्याला सुचलं! उतरून परत गेले असते, इतकं सुचलं.

दोन दिवसांचा उपास: उंदीर अंगची चरबी जाळतो. आई कामाला लागते. सहा.

सहा दिवसांचा उपास: अंगची चरबी संपली. आई बसली. दोन.

सहा दिवस तीळ आणि खोबरं: चरबीच चरबी, संपायचं नाव नाही. आई जोरात. सात. आणि ते काळे ठिपके! सर, चरबी कुठून आली विचारत होतात ना? आमच्या गिरगावच्या स्वयंपाकघरातून!

उपासाने काही होत नाही. चरबीने होतं, मग ती अंगची असो की खोबऱ्याची. मी जे म्हणत होते तेच, फक्त माझ्याच प्रयोगाने ते अर्धंच सांगितलं असतं. उरलेलं अर्धं कुशाबांनी केलं. जानेवारी वगळला तर हातात काहीच उरत नाही. जानेवारी ठेवायचा तर खरं सांगावं लागेल. तिळगुळात गूळही आहेच, म्हणजे साखर. कुणीतरी तेवढ्यावरच धरणार. धरू दे.

२५ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं. समितीचे तिघे. अध्यक्ष म्हणजे खादीच्या कोटातले एक म्हातारे गृहस्थ, चष्मा कपाळावर. मी उभी राहिले आणि पहिलंच वाक्य, "जानेवारीच्या रजिस्टरातले आठ रकाने माझ्या अक्षरात आहेत आणि खोटे आहेत." सरांनी डोळे मिटले.

मग सगळं सांगितलं, तिळगुळासकट. एक सभासद हसले. अध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले, "उंदरांना खायला घालणारा तो नोकर अजून ठेवलाय?" मी म्हटलं, "ठेवलाय. खोटं लिहिणारी मी आहे, तो नाही. त्याला काढणार असाल तर आधी मला काढा." हे वाक्य ठरवलेलं नव्हतं. पण बरं झालं.

गुळाचं त्यांनी धरलंच. निकाल असा: जागा आज कुणालाच नाही. ३१ मार्चपर्यंत तीन गट करून दाखवा, गुळाशिवाय. आणि रजिस्टर दाखवा. नुसते आकडे नकोत, मूळ रजिस्टर. तुमचं रजिस्टर खरं आहे हे आम्ही कशावरून मानायचं, असंही म्हणाले.

५ मार्च, सोमवार

तीन गट सुरू. रोजचं खाणं, उपास, आणि नुसते तीळ-खोबरं.

नवं रजिस्टर घेतलं आणि कुशाबांच्या हातात दिलं. "हे तुम्ही लिहायचं. रोज, झाल्यावर. जे झालं ते."

"माका चुका होतीत."

"चुका होऊ द्यात. खरं लिहा म्हणजे झालं."

त्यांनी रजिस्टराच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, उपाशी गट माझ्याच्यान सांभाळवणार नाही, तुम्ही बसा तिथे. लिहीन मी. बरोबर आहे. उपाशी ठेवायचं मी ठरवायचं आणि बघायचं दुसऱ्याने, हे आजवर चाललं. आता मीच बसणार.

९ मार्च, शुक्रवार

पाचवा दिवस. हे फार अवघड आहे. मला वाटलं नव्हतं.

ते नाक वर करून बघतात. नुसते बघतात. मी दुपारी डबा उघडला तर सगळे जाळीशी आले. जिन्यात जाऊन खायला बसले, घास उतरेना. परत आत आले. यापुढे काय झालं ते इथेही लिहिणार नाही. शास्त्रज्ञ बाईला शोभणारं नाही.

३१ मार्च, शनिवार

सकाळी समिती.

आकडे चोख. रोजचं खाणं चार. उपास, दुसऱ्या दिवशी सहा, सहाव्या दिवशी दोन. तीळ-खोबरं, सहाव्या दिवशीही सात, गुळाशिवाय. सरांनी आज हं केलं नाही, मान डोलावली.

अध्यक्षांनी आकड्यांकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "रजिस्टर." मी दिलं. मी स्वतः ते वाचलं नव्हतं. मुद्दामच. ज्याने केलं त्याने लिहिलं, मी परत डोकवायचं नाही असं ठरवलं होतं. कुशाबा दाराबाहेर स्टुलावर बसलेले दिसत होते, टोपी गुडघ्यावर.

म्हाताऱ्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. पानं उलटली. एका पानावर थांबले. परत पहिल्यापासून वाचलं. मग बाकीच्या दोघांसाठी मोठ्याने:

"तारीख नऊ. पाचवा दिवस. उपाशी गट. पाणी दिले. दुपारी बाईंनी आपल्या डब्यातली खोबऱ्याची वडी काढून पिंजऱ्याकडे नेली. मी हातातून घेतली. उंदरांना दिली नाही. मी खाल्ली. डबा कपाटात ठेवून कुलूप लावले. चावी माझ्याकडे. बाई रडल्या. खाली सही, कुशाबा."

सर खिडकीबाहेर बघत होते, त्यांचे खांदे हलत होते. ते हसतात हे मी तीन वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

अध्यक्षांनी रजिस्टर मिटलं. "हे रजिस्टर खरं आहे," ते म्हणाले. "जागा द्या या मुलीला. आणि पुढेही याच माणसाला लिहू द्या."

मी बाहेर आले. कुशाबा उठून उभे राहिले. मी म्हटलं, "मिळाली." त्यांनी टोपी घातली, कनवटीची चावी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "डबो घेवन जावा, बाई. तीन आठवडे झाले, आई विचारीत आसतली."